आरडीपीने बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट रिमोटिंगमध्ये ‘ॲक्सेस डिनाइड’ का म्हणते?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी लातूरमधील एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. मुख्यालयात डोमेन कंट्रोलर (सर्व यंत्रांसाठी खात्यांची ओळख एकाच ठिकाणी तपासणारा सर्व्हर), फाइल सर्व्हर आणि व्यवस्थापनासाठी ठेवलेला एक स्वतंत्र सर्व्हर अशी तीन यंत्रे आहेत, आणि उदगीर, औसा, निलंगा, अहमदपूर, अंबाजोगाई, गंगाखेड अशा एकूण अकरा शाखांत प्रत्येकी एक सर्व्हर आहे. सगळीकडे विंडोज सर्व्हर २०१९ आहे. नऊ शाखा डोमेनमध्ये आल्या आहेत. चाकूर आणि गंगाखेड या दोन शाखा अजून वर्कग्रुपमध्येच आहेत, म्हणजे तिथल्या यंत्रांची खाती स्वतंत्र आहेत.

आतापर्यंत मी रोज रात्री एकेका शाखेच्या सर्व्हरवर आरडीपीने (दुरून त्या यंत्राचा पडदा उघडून) जाऊन बॅकअपची सेवा चालू आहे का ते पाहत असे, बंद असल्यास ती सुरू करत असे आणि त्या दिवसाची बॅकअप फाइल मुख्यालयाच्या फाइल सर्व्हरवरील शेअरमध्ये उतरवत असे. या कामाला दीड-दोन तास जातात. म्हणून हीच तीन कामे करणारी पॉवरशेलची (विंडोजच्या आज्ञाभाषेतली) एक स्क्रिप्ट लिहिली, तिच्यासाठी डोमेनमध्ये एक सेवा-खाते तयार केले, ते खाते प्रत्येक शाखेच्या ‘रिमोट मॅनेजमेंट यूजर्स’ या गटात घातले, आणि व्यवस्थापन सर्व्हरवरून ‘इन्व्होक-कमांड’ने, म्हणजे रिमोटिंगने, ती स्क्रिप्ट दुरूनच शाखांवर चालवू लागलो.

आता अडचण सांगतो. जोडणी होते, पण सेवांची स्थिती विचारताच ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर उघडता येत नाही’ असा, म्हणजे विंडोजच्या सेवा सांभाळणारा भाग उघडत नसल्याचा, संदेश येतो. ती पायरी वगळून पुढे गेलो, तर फाइल सर्व्हरवर प्रत करताना ‘ॲक्सेस इज डिनाइड’ येते, जरी त्या खात्याला शेअरवर आणि फोल्डरवर अशा दोन्ही ठिकाणी लिहिण्याची परवानगी दिलेली आहे. हीच स्क्रिप्ट टास्क शेड्युलरमधून रात्री अकराला लावली, तर ती पहिल्याच ओळींत, पासवर्डची जतन केलेली फाइल वाचताना थांबते. वर्कग्रुपमधल्या दोन शाखांची तर जोडणीच होत नाही. तिथे ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातले स्थानिक खाते वापरूनही नकारच मिळतो.

गंमत अशी, की चाचणीपुरती त्याच सेवा-खात्याला आरडीपीची परवानगी देऊन मी उदगीरच्या सर्व्हरवर बसलो, तेव्हा सेवांची यादीही दिसली आणि फाइलही विनातक्रार उतरली. शेवटी वैतागून एक दिवसापुरते ते खाते ‘डोमेन ॲडमिन्स’मध्ये घातले. सेवेची पायरी पार पडली, पण फाइलची प्रत तेव्हाही झाली नाही. लेखापरीक्षकांनी या प्रकाराला हरकत घेतली, ती योग्यच होती, आणि मी खाते बाहेर काढले. एकाच दुखण्याची ही चार लक्षणे आहेत की ही दुखणीच वेगवेगळी आहेत, एवढे तरी कळावे, ही विनंती.

(आज्ञांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, मूळ स्पेलिंग या कामातल्या सर्वांना ठाऊक आहे.)

बिंदुसरा (बीड) यांचा प्रतिसाद

फाइलच्या प्रतीची अडचण आमच्याकडेही आली होती. आम्ही दोन्ही बाजूंना क्रेडएसएसपी (वापरकर्त्याची ओळखपत्रे दूरच्या सर्व्हरकडे सोपवणारी प्रमाणीकरण-यंत्रणा) सुरू केले आणि इन्व्होक-कमांडला तोच प्रमाणीकरणाचा प्रकार दिला. दहा मिनिटांत काम झाले. बाकीच्या तीन अडचणींबद्दल मला सांगता येणार नाही.

गोदातीर (नांदेड) यांचा प्रतिसाद

मांजराकाठ, आपण डोमेन ॲडमिनचा जो प्रयोग केला तो करायला नको होता हे आपण स्वतःच मान्य केले आहे. परंतु त्यातूनच सर्वांत मोलाची माहिती मिळाली आहे. ज्या खात्याला डोमेनमधील जवळजवळ प्रत्येक यंत्रावर पूर्ण अधिकार आहेत, त्यालाही फाइल सर्व्हरने नाकारले, याचा अर्थ तिथे अधिकार कमी पडत नव्हते. त्या खात्याची ओळखच फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचत नव्हती. ‘ॲक्सेस डिनाइड’ हे शब्द दिसले की आपण परवानग्या वाढवत सुटतो, पण जो माणूस दारापर्यंत आलाच नाही त्याचे नाव पाहुण्यांच्या यादीत ठळक करून उपयोग काय?

आपण आरडीपीने सर्व्हरवर बसता तेव्हा आपला पासवर्ड त्या सर्व्हरच्या हाती पोहोचतो. त्या पासवर्डाच्या आधारे तो सर्व्हर पुढे कोणत्याही यंत्राकडे आपल्या नावाने जाऊ शकतो. रिमोटिंगमध्ये असे होत नाही. व्यवस्थापन सर्व्हर कर्बेरोसचे (डोमेनमधील ओळख पटवण्याच्या पद्धतीचे) एक तिकीट शाखेच्या सर्व्हरला दाखवतो. त्यावरून ‘हे खाते खरे आहे’ एवढे शाखेला कळते आणि ती आपले काम करू देते, पण तिच्या हाती आपला पासवर्ड नसतो आणि पुढच्या यंत्रासाठी तिकीट मागण्याचा अधिकारही नसतो. मोंढ्यातल्या आडत्याने आपल्याला चेहऱ्याने ओळखले म्हणून तो आपल्या नावाने बँकेतून रक्कम काढू शकत नाही. त्यासाठी बँकेने त्याचे नाव आधी लिहून घेतलेले असावे लागते. व्यवस्थापन सर्व्हर ते शाखा ही पहिली उडी आणि शाखा ते फाइल सर्व्हर ही दुसरी. म्हणून या अडचणीला ‘डबल हॉप’ म्हणतात.

याची खात्री करून घेणे सोपे आहे. स्क्रिप्ट चालवून झाल्यावर शाखेच्या नव्हे, तर फाइल सर्व्हरच्या सुरक्षा नोंदींमध्ये जा आणि त्या मिनिटाच्या ४६२४ (यशस्वी लॉगऑन) व ४६२५ (अयशस्वी लॉगऑन) क्रमांकाच्या घटना पाहा. तिथे आपल्या सेवा-खात्याच्या जागी बहुधा ‘ॲनॉनिमस लॉगऑन’ दिसेल. नोंदी नेहमी नकार देणाऱ्या यंत्रावर पाहाव्यात. नकार ऐकणाऱ्या यंत्रावर फारसे काही सापडत नाही. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षे उलटेच करत होतो.

सेवांच्या यादीची अडचण मात्र अगदी निराळी आहे. तिथे खाते पोहोचते, पण ‘नेटवर्कवरून आलेले’ म्हणून पोहोचते. सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला स्वतःची एक परवानगी-यादी असते, आणि तिच्या मूळ मांडणीत साध्या खात्याला, ते यंत्रासमोर किंवा आरडीपीने बसलेले असेल, तर सेवांची यादी वाचता येते. तेच खाते नेटवर्कवरून आले तर त्याला फक्त जोडणी करता येते, यादी मागता येत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातल्या खात्याला हा भेद लागू नाही, म्हणूनच डोमेन ॲडमिन करताच आपली ही पायरी पार पडली. ४६२४ या घटनेत ‘लॉगऑन टाइप’ नावाचा रकाना असतो. रिमोटिंगसाठी तिथे ३ दिसेल, आरडीपीसाठी १० आणि टास्क शेड्युलरसाठी ४. खाते एकच असले, तरी या तीन आकड्यांनुसार त्याच्या हातात येणारे टोकन, म्हणजे अधिकारांचा परवाना, वेगळे असते. आरडीपीत चालले म्हणजे परवानग्या बरोबर आहेत, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

तिसरी अडचण, म्हणजे पासवर्डची फाइल. आपण ती ‘एक्सपोर्ट-सीएलआयएक्सएमएल’ने तयार केली असावी, असे धरून चालतो. विंडोजवर त्या फाइलमधला पासवर्ड ज्या वापरकर्त्याने आणि ज्या यंत्रावर कुलूपबंद केला त्याच दोघांच्या जोडीला उघडता येतो. आपण स्वतःच्या खात्याने ती फाइल बनवली आणि टास्क सेवा-खात्याने चालवले, तर ते कुलूप उघडणार नाही. याखेरीज टास्कच्या पहिल्या पानावर ‘पासवर्ड साठवू नका’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर खूण असेल तर टास्कला फक्त त्याच यंत्रावरील साधने मिळतात. नेटवर्क मिळत नाही आणि कुलूपबंद फाइलीही उघडत नाहीत. ती खूण आहे का ते पाहून कळवा.

उपाय सांगतो. सर्वांत आधी सेवा-खात्याऐवजी ‘ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट’ वापरावे. सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः सांभाळते आणि मूळ मांडणीनुसार दर ३० दिवसांनी बदलते, त्यामुळे स्क्रिप्टशेजारी पासवर्डची फाइल ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. डोमेनमध्ये केडीएसची (असे पासवर्ड तयार करण्यासाठी किल्ल्या देणाऱ्या सेवेची) मूळ किल्ली पूर्वी तयार केलेली नसेल, तर ती तयार केल्यावर दहा तास थांबावे लागते, हे लक्षात ठेवून सायंकाळी काम सुरू करावे. कोणत्या यंत्राने त्या खात्याचा पासवर्ड मागायचा, हे खाते बनवतानाच सांगावे लागते. इथे फक्त व्यवस्थापन सर्व्हर पुरे. त्या सर्व्हरवर खात्याला ‘बॅच जॉब म्हणून लॉगऑन’ हा हक्क द्यावा आणि टास्क पॉवरशेलमधून नोंदवताना लॉगऑनचा प्रकार ‘पासवर्ड’ असाच ठेवावा, जरी आपण कोणताही पासवर्ड देणार नसलो तरी.

दुसऱ्या उडीसाठी मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे ती उडी टाळणे. शाखेने फाइल ढकलण्याऐवजी व्यवस्थापन सर्व्हरने ती शाखेच्या शेअरवरून ओढून घ्यावी आणि फाइल सर्व्हरवर ठेवावी. मग दोन्ही प्रवास व्यवस्थापन सर्व्हरपासूनच सुरू होतात आणि प्रत्येक प्रवास एकाच उडीचा राहतो. हे शक्य नसेल, तर फाइल सर्व्हरच्या डोमेनमधील खात्यावर ‘या शाखांच्या यंत्रांनी इतरांच्या वतीने आलेले मला चालेल’ अशी नोंद करता येते. यात अधिकार कोणाला द्यायचा हे शाखा ठरवत नाही, फाइल सर्व्हर ठरवतो. वर म्हटले त्याप्रमाणे बँकच आडत्याचे नाव लिहून ठेवते. ‘सेट-एडीकॉम्प्युटर’ आज्ञेत ‘प्रिन्सिपल्स-अलाउड-टू-डेलिगेट-टू-अकाउंट’ हे नाव शोधावे.

बिंदुसरा, क्रेडएसएसपीने काम होते हे खरे, आणि आपण प्रामाणिकपणे सांगितले हे चांगले केले. पण त्यात वापरकर्त्याची पूर्ण ओळखपत्रे दूरच्या सर्व्हरच्या हवाली होतात. अकरा शाखांपैकी एखाद्या शाखेचा सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला, तर डोमेनमधल्या सगळ्या शाखांत चालणारा पासवर्ड त्याच्या हाती आयता पडेल. शिवाय वर सांगितलेल्या व्यवस्थापित खात्याचा पासवर्ड माणसाला माहीतच नसल्याने तो क्रेडएसएसपीला देता येत नाही. २०१८ मध्ये त्या यंत्रणेत एक गंभीर त्रुटीही सापडली होती आणि ती सुधारणेद्वारे बुजवली गेली. पण माझा आक्षेप त्या त्रुटीवर अवलंबून नाही, यंत्रणेच्या मूळ रीतीवरच आहे.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर) यांचा प्रतिसाद

गोदातीर यांनी सेवांच्या यादीचे कारण सांगितले, उपाय राहिला. काही जण सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरची परवानगी-यादीच ‘एससी एसडीसेट’ने बदलतात. ती आज्ञा जुन्या यादीत भर घालत नाही, संपूर्ण यादी नव्याने लिहिते, आणि त्या अक्षरांच्या माळेत एक नोंद चुकली तर प्रशासकालाच बाहेर राहावे लागते. काही शाखा लातूरपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असताना हा खेळ खेळू नये.

आपल्याला फक्त एकच सेवा पाहायची आणि सुरू करायची आहे. अशा मोजक्या कामासाठी ‘जस्ट इनफ ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे जेईए, हीच नेमकी सोय आहे. सर्व्हर २०१९ मध्ये ती अंगभूत आहे. प्रत्येक शाखेवर एक वेगळे प्रवेशद्वार नोंदवायचे. त्या दारातून येणाऱ्याला कोणत्या आज्ञा आणि त्या आज्ञांना कोणती मूल्ये चालतील, हे एका फाइलमध्ये लिहायचे. आणि आत काम एका तात्पुरत्या आभासी खात्याने होते, ज्याला त्या यंत्रावर प्रशासकाचे अधिकार असतात, पण बाहेरून आलेल्या आपल्या खात्याला तिथे कसलेच प्रशासकीय अधिकार नसतात. लेखापरीक्षकांना दाखवण्यासाठी प्रत्येक सत्राचा लिखित वृत्तान्तही त्यातून मिळतो.

दोन खड्डे आधीच दाखवून ठेवतो, कारण त्या दोन्हींत मी पडलो आहे. अशा बंदिस्त सत्रात आज्ञा चालतात, भाषा चालत नाही. ‘जर सेवा बंद असेल तर’ अशी अट, एखादे चल (व्हेरिएबल), एखादे चक्र (लूप), यांपैकी काहीही पाठवले की वाक्यरचना मान्य नसल्याचा संदेश येतो, आणि तो वाचून माणूस पुन्हा परवानग्याच शोधत बसतो. म्हणून ‘सेवा पाहा आणि बंद असल्यास सुरू करा’ हे सगळे एका छोट्या फंक्शनमध्ये लिहून ते फंक्शन भूमिकेच्या फाइलमध्ये ठेवावे आणि बाहेरून फक्त त्याचे नाव हाकारावे. दुसरा खड्डा असा, की प्रवेशद्वार नोंदवल्यावर रिमोटिंग जिच्यावर चालते ती विनआरएम सेवा पुन्हा सुरू करावी लागते. आपण त्याच सेवेवरून जोडलेले असाल तर आपली जोडणी तुटते, आणि नवख्या माणसाला वाटते की शाखाच गेली. घाबरू नये, मिनिटभराने पुन्हा जोडावे.

फाइलच्या प्रतीसाठी मात्र या दारातील आभासी खात्यावर विसंबू नये, ते त्या यंत्रापुरतेच आहे. प्रत नेहमीच्या दारातून, दुसऱ्या जोडणीने करावी.

आता वर्कग्रुपमधल्या दोन शाखा. तिथे दोन कुलुपे असतात. पहिले कुलूप व्यवस्थापन सर्व्हरच्या बाजूला: डोमेनबाहेरच्या यंत्राशी कर्बेरोस होत नाही, म्हणून त्या यंत्राचे नाव ‘ट्रस्टेडहोस्ट्स’ यादीत घालावे लागते किंवा प्रमाणपत्र बसवून ५९८६ या पोर्टवरून एचटीटीपीएसने जावे लागते; नुसत्या ५९८५ वर (साध्या एचटीटीपीने) नाव न घालता गेल्यास जोडणी मधेच नाकारली जाते. डोमेनमधल्या शाखेलाही नावाऐवजी आयपी पत्त्याने हाक मारली तर हेच होते, म्हणून सवय नावाचीच असू द्यावी. दुसरे कुलूप शाखेच्या बाजूला: ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातले स्थानिक खाते नेटवर्कवरून आले की विंडोज त्याच्या टोकनमधून प्रशासकाचे अधिकार काढून घेते. मूळचे, यंत्रासोबत आलेले ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खाते याला सहसा अपवाद असते. आपण नंतर बनवलेली खाती अपवाद नसतात. विंडोजच्या नोंदवहीतील (रजिस्ट्रीतील) ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ हे मूल्य १ केले की ही गाळणी निघते, आणि ‘एनेबल-पीएसरिमोटिंग’ चालवल्यावर ते सहसा १ झालेले असते. आपण शाखांवर सुरक्षेचा एखादा तयार साचा लावला होता का? मायक्रोसॉफ्टच्या साच्यांमध्ये हे मूल्य मुद्दाम ० ठेवतात, आणि ते योग्य आहे, कारण सर्व शाखांवर एकाच पासवर्डचे स्थानिक खाते असले की एका शाखेतली चोरी सगळीकडे पसरते.

म्हणून ते मूल्य बदलण्याआधी विचार करावा. दोनच शाखा आहेत. त्या डोमेनमध्ये आणणे हेच कमी कष्टाचे ठरेल.

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रतिसाद

गोदातीर, खामनदी आणि बिंदुसरा, तिघांचेही आभार. १७ सप्टेंबरला सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण आटोपून कार्यालयातच बसलो आणि एकेक गोष्ट तपासली.

फाइल सर्व्हरच्या नोंदींत खरोखरच ‘ॲनॉनिमस लॉगऑन’ सापडले. टास्कमधली ‘पासवर्ड साठवू नका’ ही खूण मीच, ती अधिक सुरक्षित असेल असे वाटून, लावली होती. सुरक्षेचा साचाही गेल्या वर्षी लेखापरीक्षणानंतर मीच लावला होता. थोडक्यात, बहुतेक कुलुपे मीच घातलेली निघाली. व्यवस्थापित खाते तयार झाले, टास्क त्याच खात्याने चालू लागले आणि पासवर्डची फाइल खोडून टाकली. जेईएचे दार सध्या तीन शाखांवर नोंदवले आहे; त्यातल्या भाषेच्या खड्ड्यात इशारा मिळूनही अर्धा तास पडलोच, कारण फंक्शनला हाक मारताना पाठवलेल्या ओळीत एक चल राहून गेले होते.

फाइल ओढून घेण्याचा मार्ग मला घेता येत नाही. शाखांच्या फायरवॉलवर मुख्यालयाकडून येणारे ४४५ पोर्ट (फाइल-शेअरचे) बंद आहे आणि ते उघडण्याला संस्थेची मंजुरी लागते. शाखेकडून मुख्यालयाकडे जाणारे मात्र उघडे आहे. म्हणून फाइल सर्व्हरवर नोंद करण्याचा मार्ग धरला. नऊ शाखांची नावे एका यादीत ठेवली आणि चक्र लावून प्रत्येकीसाठी तीच आज्ञा चालवली. कुठेही चूक दाखवली नाही.

त्यानंतर जे घडले ते मला समजलेले नाही. पहिली दहा मिनिटे एकही शाखा चालली नाही. नंतर उदगीर चालू लागली, आणि फक्त उदगीरच. बाकी आठ शाखा जशाच्या तशा नकार देत आहेत. उदगीरच्या सर्व्हरमध्ये वेगळे असे काहीच नाही. याखेरीज औशाची शाखा तर काही रात्री पहिल्या पायरीलाच, म्हणजे जोडणीलाच, अपयशी ठरते आणि काही रात्री ठीक चालते.

गोदातीर (नांदेड) यांचा प्रतिसाद

उदगीरचे वेगळेपण सर्व्हरमध्ये नसेल, आपल्या यादीत असेल. यंत्रांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने लावली असतील, तर उदगीर शेवटची असणार. ती आज्ञा यादीत नाव वाढवत नाही, दर वेळी संपूर्ण यादी बदलते. आपल्या चक्राने आधी एका शाखेचे नाव लिहिले, मग ते पुसून दुसरीचे लिहिले, आणि असे करत करत शेवटी उदगीर तेवढी उरली. नऊही यंत्रांची खाती आधी एका चलात गोळा करून ती एकदाच द्यावीत. त्याहून बरे म्हणजे डोमेनमध्ये शाखांच्या सर्व्हरांचा एक गट करावा आणि फक्त त्या गटाचे नाव द्यावे. नवी शाखा आली की गटात एक नाव वाढवले की झाले. मात्र गटातले सभासदत्व यंत्राला लगेच कळत नाही, ते यंत्र पुन्हा सुरू करावे लागते किंवा त्याची तिकिटे काढून टाकावी लागतात. हा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. चूक माझी आहे.

पहिली दहा मिनिटे काहीच न चालण्याचे कारणही साधे आहे. एकदा मिळालेला नकार साधारण १५ मिनिटे लक्षात ठेवला जातो, त्यामुळे आपण दुरुस्ती केल्यावर लगेच तपासले तर जुनेच उत्तर येते. घाई असेल तर शाखेच्या सर्व्हरवर ‘क्लिस्ट पर्ज’ ही साठवलेली तिकिटे पुसणारी आज्ञा यंत्राच्या स्वतःच्या लॉगऑन सत्रासाठी, म्हणजे ३ई७ या क्रमांकाच्या सत्रासाठी, चालवावी. घाई नसेल तर चहा घेऊन यावा. अशा वेळी दर दोन मिनिटांनी एकेक सेटिंग बदलत राहणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण मग कोणत्या बदलाने काम झाले ते कधीच कळत नाही आणि नको त्या परवानग्या तशाच मागे राहतात.

औशाबद्दल नेमका संदेश काय येतो ते लिहिलेले नाही.

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रतिसाद

अंदाज तंतोतंत खरा ठरला. उदगीर यादीत शेवटचीच होती. नऊ नावे एकदम दिली, पंधरा मिनिटे थांबलो, आणि आठ शाखांच्या फाइली उतरल्या.

औशाचा संदेश मला सांगता येत नाही, कारण स्क्रिप्टमध्ये मी चुका गिळून टाकण्याचा पर्याय दिला होता आणि नोंदीत फक्त ‘औसा: अयशस्वी’ एवढेच लिहिले जाते. एवढे लक्षात आले आहे, की ज्या दिवशी तिथे वीज जास्त वेळ गेलेली असते त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत हा त्रास होतो, आणि मग तो आपोआप थांबतो.

दुधना (परभणी) यांचा प्रतिसाद

वीज आणि कर्बेरोस या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की मी आधी घड्याळ पाहतो. दोन यंत्रांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त अंतर पडले की कर्बेरोस मूळ मांडणीनुसार तिकीट नाकारते. आपल्या भागात भारनियमन आणि लांबलेले ब्रेकडाउन नवे नाहीत, यूपीएसची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, आणि मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपलेला असेल तर वीज आल्यावर यंत्र भलत्याच तारखेला जागे होते.

डोमेनमधले यंत्र खरे तर आपली वेळ डोमेन कंट्रोलरकडून दुरुस्त करून घेते. म्हणून मला विचारायचे आहे, की औशाचा सर्व्हर आभासी आहे का? तसे असेल, तर खालचे होस्ट यंत्र त्याला स्वतःची वेळ देत असण्याची शक्यता आहे. होस्ट डोमेनमध्ये नसले, त्याचा सेल संपलेला असला आणि त्यात इंटरनेटची जोडणीही उशिरा आली, तर वरचे यंत्र डोमेनकडे बघून वेळ सुधारते आणि खालचे ती पुन्हा बिघडवते. पुढच्या वेळी अपयश आले की व्यवस्थापन सर्व्हरवरून ‘डब्ल्यू३२टीएम’ची ‘स्ट्रिपचार्ट’ आज्ञा औशाचे नाव देऊन चालवा. दोन्ही घड्याळांतला फरक सेकंदांत दिसेल.

आणि चुका गिळण्याचा तो पर्याय आजच काढा. विनआरएम वेळेतला फरक असल्याचे आपल्या संदेशात स्वच्छ सांगते. आपण ते वाचण्याआधीच खोडत होतो. प्रत्येक शाखेची जोडणी ‘ट्राय-कॅच’मध्ये घेऊन आलेला संदेश, यंत्राचे नाव आणि दोन्ही बाजूंची वेळ अशी एक ओळ फाइलमध्ये लिहा.

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रतिसाद

सर्व्हर आभासीच आहे आणि होस्ट वर्कग्रुपमध्ये आहे. गेल्या गुरुवारी औशात दुपारभर वीज नव्हती. रात्री नोंदीत वेळेतल्या फरकाचा संदेश आला, आणि स्ट्रिपचार्टने एकवीस मिनिटांचा फरक दाखवला. शुक्रवारी एसटीने औशाला गेलो, होस्टमधला सीआर २०३२ सेल बदलला, आणि वरच्या यंत्राने होस्टकडून वेळ घेणे बंद करून ती डोमेनकडून घ्यावी असे केले. त्यानंतर दोनदा वीज गेली. दोन्ही रात्री फाइल आली.

सध्याची स्थिती नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी हे वाचेल त्याला उपयोग होईल. नऊ शाखांचे काम रात्री अकराला सुरू होऊन साधारण पंचवीस मिनिटांत संपते. व्यवस्थापित खाते शाखांवर ‘रिमोट मॅनेजमेंट यूजर्स’मध्ये आहे, त्याला बॅकअपचे फोल्डर वाचण्याची आणि मुख्यालयाच्या शेअरमध्ये लिहिण्याची परवानगी आहे, आणि कोठेही प्रशासकाचा अधिकार नाही. जेईएचे दार सहा शाखांवर झाले, तीन उरल्या आहेत. यंत्रांच्या गटाची सूचना पटली आहे, परंतु त्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावे लागतील, म्हणून ते रविवारवर ठेवले आहे. चाकूर आणि गंगाखेड डोमेनमध्ये आणण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाकडे दिला असून तोपर्यंत त्या दोन शाखांवर मी पूर्वीप्रमाणे आरडीपीनेच जातो आहे.